दाराबाहेरचा अविश्वास

दर शनिवारी सकाळी दहा वाजता मला माझ्याच घराबाहेर काढलं जायचं. फ्लॅट माझ्या नावावर, आत पलंगावर बसलेली आई माझी, आणि मी जिन्यात. सोबतीला सहा-सात जोड चपला. प्रार्थना सुरू करण्याआधी आतल्या बायका दोन गोष्टी बाहेर ठेवायच्या, चपला आणि मी. चपला बाहेर का, याचं स्पष्टीकरण निदान कुणी शास्त्रात शोधत नव्हतं.

हे सगळं आईच्या करंगळीपासून सुरू झालं. नव्या सँडलनं डाव्या पायाच्या करंगळीला साधा फोड आला. मधुमेह जुना, त्यामुळे फोडाची जखम झाली आणि जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ, खाणं अगदी वेळेवर, रोज ड्रेसिंग. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सकाळी आईला इंजेक्शन द्यायचं, तिच्यापुढे उपम्याची नाहीतर पोह्यांची ताटली ठेवायची आणि कामासाठी पिंपळगावची बस पकडायला पळायचं, हा माझा रोजचा क्रम. शनिवारी सुट्टी, म्हणून मी घरी. म्हणूनच जिन्यात.

आम्ही नाशिकचे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शरणपूरच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या लोकांत भेटल्यावर अजून सलाम म्हणायची पद्धत आहे, आणि कुणी आजारी पडलं की चर्चमधल्या बायका घरी येऊन प्रार्थना करणार, ही त्याहून जुनी पद्धत. त्यांना मी कधी नाही म्हटलं नाही. आईला त्या आलेल्या आवडायच्या. चहा मीच करायचे. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई म्हणजे रविवारच्या शाळेत मला शिकवणाऱ्या बाई. मी आता पंचेचाळिशीची आहे, तरी त्या आल्या की माझा हात आपोआप ओढणीकडे जातो.

दोन महिने प्रार्थना झाल्या. जखम होती तिथंच होती. मग एका शनिवारी बाईंनी गाण्याआधी चष्मा काढला, पुसला आणि मला म्हणाल्या, "बाळ, तू जरा बाहेर बसशील का? मनाला लावून घेऊ नकोस हं."

मला वाटलं, आईला काही खाजगी बोलायचंय. पण बाईंनी कारण सांगितलं. शास्त्रात एक गोष्ट आहे. एक मुलगी मरून पडलीय, घरात रडारड चाललीय, प्रभू म्हणतो ती झोपलीय, आणि लोक हसतात. तेव्हा तो आधी त्या हसणाऱ्यांना बाहेर काढतो आणि मग मुलीला उठवतो. अविश्वास खोलीत असला की सामर्थ्य अडतं, असं बाईंचं म्हणणं. प्रभूच्या स्वतःच्या गावात सुद्धा लोकांच्या अविश्वासापायी फारसे चमत्कार झाले नाहीत, हेही त्यांनी जोडलं.

मी हसले नव्हते. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मी आईकडे बघितलं. ती डोक्यावर पदर घेत होती, बराच वेळ घेत राहिली. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. आतून कडी लागली.

माझा विश्वास उरलेला नाही, हे मी आईला वीसेक वर्षांपूर्वी सांगितलं. त्यामागं काहीही घडलं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, कुणी अकाली गेलं नव्हतं. एका संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि लक्षात आलं की मी स्वतःशीच बोलतेय, आणि बरीच वर्षं स्वतःशीच बोलत आलेय. एवढंच. पण एवढ्यावर कुणाचं भागत नाही. लोकांना कारण लागतं, आणि आमच्या लोकांना ते शोधायला लांब जावं लागत नाही.

तेव्हाचे पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, देव नाही म्हणणारा माणूस मूढ असतो. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, त्याच पाळकांच्या मुलाची मी गणिताची शिकवणी घेत होते. मामा म्हणाला, देव आहे हे प्रत्येकाला आतून ठाऊक असतं, झाडंझुडं आणि आकाश बघूनच कळतं. काहीजण आपल्या पापासाठी ते दाबून टाकतात. लगेच मामीनं आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "कुणी मुलगा आहे का?" दुर्दैवानं तसा कुणी नव्हता. असता तर सगळ्यांना किती बरं वाटलं असतं. पुढं एकदा बाहेरगावचे उपदेशक जेवायला आले होते. ते म्हणाले, हिचा दोष नाही, सैतानानं हिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय. म्हणजे मामाच्या हिशोबानं मला सगळं दिसत होतं आणि मी डोळे मुद्दाम मिटले होते, आणि या पाहुण्यांच्या हिशोबानं मला काहीच दिसत नव्हतं. दोघं एकाच टेबलावर जेवले. वाद झाला नाही.

मी एकदा विचारलं सुद्धा. त्याच शास्त्रात देव एका राजाचं मन आपणच कठीण करतो आणि मग मन कठीण केलंस म्हणून त्याच्या अख्ख्या देशाला झोडपतो, ते कसं? पाळक म्हणाले, "हे गूढ आहे." गूढ! देवाचं वागणं गूढ, आणि माझ्या मनात काय चाललंय ते मात्र उभ्या मंडळीला स्वच्छ कळत होतं. मला अजून त्याचा राग येतो. माझ्याबद्दल एकदा तरी कुणी म्हणायला हवं होतं की आम्हाला कळत नाही बुवा.

सगळ्यात जास्त लागलं ते बाईंचं. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, आपल्यातून निघून जातात ते मुळात आपले नसतातच. असतात तर गेलेच नसते. हेही शास्त्रातलंच. बाईंनीच मला अकराव्या वर्षी सगळ्यात जास्त वचनं पाठ म्हटल्याबद्दल कंपासपेटी दिली होती. ज्यांनी प्रभूचं नावही ऐकलं नाही त्यांचं मेल्यावर काय होणार, म्हणून मी तेव्हा चादरीत तोंड खुपसून रडायचे, आणि हे बाईंना ठाऊक होतं, कारण मी त्यांनाच सांगितलं होतं. ते रडणं पण खोटं ठरलं. स्वर्गातली जागा गेली याचं मला काही वाटलं नव्हतं. पण माझं लहानपण माझ्याकडून कुणी काढून घ्यावं, हे मला अजून सहन होत नाही.

माझं काम द्राक्षांच्या काड्या तपासण्याचं आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी शेतकरी वेलीच्या काड्या कापून आमच्या प्रयोगशाळेत आणतात. मी काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती गाठ, पात्यानं चिरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून आत बारीक घड तयार झालाय का ते बघते. घड असलेला डोळा ठेवून त्याच्या पुढं छाटायचं. त्या दिवसांत दिंडोरीकडचे एक म्हातारे शेतकरी काड्या घेऊन आले. बहुतेक डोळ्यांत काही नव्हतं. मी जपून सांगितलं, तर ते मान हलवत म्हणाले, "माजंच चुकलं, ताई. मे-जूनमधी पाणी लय दिलं. पाला माजला, उजेडच नाय गेला आत. त्यात ढगाळ. काडीनं तरी काय करावं?"

मला त्यांना शनिवारी आमच्या घरी न्यावंसं वाटलं. आमच्याकडे पेरणाऱ्याची गोष्ट सांगतात. बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं, आणि ते उगवलं नाही हा जमिनीचा दोष. खडकावर बी टाकलंच कशाला, हे आमच्या भागातला कुठलाही शेतकरी आधी विचारेल. चर्चमध्ये शेतकऱ्यांची पोरं-नातवंडं बसलेली असतात, पण तिथं कुणी विचारत नाही. फळ न देणारा फाटा छाटून जाळतात हेही तिथं सांगतात. तो का फळला नाही, हे बघायला कुणी डोळा चिरून बघत नाही.

तर तो माझा जिन्यातला चौथा की पाचवा शनिवार. आठ वाजता मी आईला इंजेक्शन दिलं, ताटलीत उपमा दिला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा ताटली रिकामी होती. मी म्हटलं सुद्धा, "आज भराभर खाल्लंस." तिनं पर्स उशाखाली सरकवली. दहाला बायका आल्या, सलाम झाले, मी जिन्यात गेले, कडी लागली.

अर्ध्या तासानं गाणं थांबलं आणि मला आईचा आवाज ऐकू आला. जड, घोगरा, शब्द एकमेकांत अडकलेले. आई आयुष्यात कधी जोरात प्रार्थना करणारी नाही. आमचं जुन्या पद्धतीचं चर्च, तिथं कुणी अंगात आल्यासारखं बोलत नाही. पण हल्ली त्यातल्या दोघी-तिघी एका नव्या सभेलाही जायच्या, आणि तिथं लोक थरथरतात, घामाघूम होतात, न कळणाऱ्या भाषा बोलतात, तो पवित्र आत्म्याचा प्रभाव समजतात. आतून टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "उतरला! हिच्यावर उतरला!" बाकीच्यांनी हालेलुया सुरू केलं.

मी दार वाजवलं. हालेलुया वाढलं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं आणि ओरडले, "दार उघडा, तिची साखर उतरलीय!" आतून बाईंचा आवाज आला, "लक्ष देऊ नका. असंच होतं. जवळ आलं की शत्रू दार ठोठावतो." आतली कडी बाहेरून निघणारी नव्हती. माझ्याच घराच्या दाराला मी लाथा मारत होते, खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली, आणि आत माझी आई शुद्ध हरपत चालली होती. शेवटी त्यांच्यातल्या एकीबरोबर आलेल्या तिच्या धाकट्या सुनेनं कडी काढली. का काढलीस म्हणून पुढं तिला बोलणी बसली.

आई पलंगावर तिरकी झाली होती. गाऊन पाठीला चिकटला होता, हात थरथरत होते, ती मला ओळखत नव्हती. मी साखर ओली करून तिच्या गालाच्या आत चोळली, पुन्हा चोळली, आणि खालच्या माणसांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं आणि रिक्षात ठेवलं. रिक्षात मी तिला शिव्या देत होते. देवाला नाही, तिलाच.

दवाखान्यात सलाइन लागलं, तासाभरानं तिनं मला ओळखलं. डॉक्टर माझ्यावर चिडले होते. "इन्शुलिन देऊन उपाशी ठेवता? शिकलेल्या दिसता तुम्ही." मी म्हटलं, उपमा खाल्ला होता. मग विमा कार्डासाठी निघताना उचललेली आईची पर्स उघडली, तर तिच्यात रुमालात बांधलेला स्टीलचा डबा, आणि डब्यात सकाळचा अख्खा उपमा. अन्न टाकायचं नाही म्हणून तिनं तो झाडणाऱ्या बाईला द्यायला ठेवला होता.

बाई व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "तिचा उपास होता ग. तुझ्यासाठी. तू परत यावीस म्हणून." प्रार्थना सुरू झाल्या तेव्हाच आईनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला होता, मुलीला विश्वास मिळेपर्यंत दुपारी बारापर्यंत तोंडात घास घेणार नाही. रोज. म्हणजे मी बसमध्ये असताना रोज ती ताटली डब्यात जात होती. आणि रोज सकाळी सुई मी माझ्या हातानं टोचत होते.

जखम का भरत नव्हती, ते मला त्या बाकावर कळलं: खाणं वेळेवर नाही, म्हणून साखर ठिकाणावर नाही. ती माझ्या अविश्वासानंच भरत नव्हती, बाई म्हणत होत्या तशीच. फक्त अविश्वासापासून जखमेपर्यंतची वाट त्यांनीच करून दिली होती.

घरी आल्यावर मी आईशी भांडले, पाया पडले, पुन्हा भांडले; ती उपास सोडेना. डॉक्टरांनी वेळा बदलून बघितल्या, डोस कमी करून बघितला. डोस कमी केला की जखम चिघळायची, पुरता दिला की उपाशीपोटी ती पुन्हा थरथरायची. करंगळी काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बोटावर थांबणार नाही.

"आई, पाय जाईल तुझा."

"जाऊ दे. लंगडं असलं तरी स्वर्गात घेतात."

"मी शनिवारी बाहेर बसते, बसेन. आणखी काय करू?"

तिनं पायावर चादर ओढून घेतली. मग म्हणाली, "तू नसलीस तर मी तिथं जाऊन काय करू?"

माझं तिच्यावर प्रेम आहे आणि त्या क्षणी मला तिचा संताप आला होता, दोन्ही एकदम.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले. उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते, ज्याला प्रभूनं काही केलं असेल त्यानं उठून सांगायचं. मी उठले. मला शब्द शोधावे लागले नाहीत, सगळे पाठ होते, बाईंनीच पाठ करून घेतले होते. हरवले होते, सापडले. आंधळी होते, दिसायला लागलं. आईच्या पलंगापाशी माझं मन वितळलं. मी नीट रडले सुद्धा. मंडळीनं टाळ्या वाजवल्या, बाईंनी मला सगळ्यांदेखत कवटाळलं, आणि पाळकांनी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

माझ्या न मानण्यासाठी त्यांनी वीस वर्षं कारणं शोधली होती. मूढ, पापी, आंधळी, खडकाळ, मुळातच आपली नसलेली. माझ्या मानण्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. अचानक कसं? काय बदललं? नक्की? कुणीच नाही. माणसाचं अंतःकरण आपल्यापुढं उघडं पडतं म्हणणारं शास्त्र समोर उघडं होतं, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून धडधडीत खोटं बोलले. कुणाला काही दिसलं नाही.

पुढं करंगळी काढावी लागलीच. पाय राहिला. बोट माझ्या जुन्या अविश्वासामुळे गेलं आणि पाय माझ्या नव्या विश्वासामुळे वाचला, असं आता चर्चमध्ये सांगतात. मीही मान हलवते. शनिवारी आता मी आत बसते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि मी आईच्या कपाळाकडे बघत असते, घाम येतोय का म्हणून.

पण साक्षीच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवार सकाळचं सांगायचं राहिलं. मी आठ वाजता आईला इंजेक्शन दिलं आणि तिच्यापुढे उपमा ठेवला. या वेळी कुठं गेले नाही, समोरच बसले. तिनं डोळे मिटून जेवणाची प्रार्थना केली, चमचा उचलला आणि खायला लागली. घाईघाईनं, मान खाली घालून. चार-पाच घास झाल्यावर म्हणाली, "काल खोटं बोललीस ना तू?"

माझ्या हातात सुईचं टोपण होतं. "हो."

तिनं आणखी एक घास घेतला, चावला, गिळला.

"मग खातेस कशी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कळलं होतं तर खातेस कशी? मग आधीच का नाही खाल्लंस?"

"मी शब्द दिला होता," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर. मला कसा मोडता आला असता? तो माझ्यासाठी तू मोडलास." तिनं ताटलीच्या कडेला लागलेला रवा बोटानं गोळा केला. "रोज इतकी भूक लागायची ग मला."

मग तिनं ताटली माझ्यापुढे केली आणि विचारलं, अजून आहे का.